शिष्यवृत्ती येईपर्यंत



जूनमध्ये हिवरा आश्रमला एक मुलगी भेटली. गाव सातपुड्यात, जळगाव जामोदकडे. घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. १९४४ च्या सुमारास सुरू झालेली सरकारी शिष्यवृत्ती आजही आहे. फी भरली जाते, निर्वाह भत्ताही मिळतो. पण तो खात्यात पडेपर्यंत सत्र सरत येतं. मेसवाला थांबतो थोडाच! मुलं गळतात ती इथे, परीक्षेत नव्हे.

मी मंडळीच्या मदतीचं बोललो. ती म्हणाली, "दान नको सर, उसने द्या." मला जरा ओशाळल्यासारखं झालं. वहीत 'उसने' असंच लिहिलं.

भत्ता आला, तिने पैसे परत केले. तेच आता दुसऱ्या मुलाच्या मेसला गेलेत. अजून चौघे थांबलेत.