लेकरांच्या नावचं घर

देशप्रेम म्हटलं की आपल्याला सैनिक आठवतो. मला मात्र कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावचा एक खानावळवाला आठवतो. जुकिची हाराडा. जपानहून आलेला. खानावळीचं नाव ‘वॉशिंग्टन रेस्टॉरंट’, भिंतीवर वॉशिंग्टन आणि लिंकन यांच्या तसबिरी. पण त्याला अमेरिकेचं नागरिकत्व नाही; जपान्यांना ते कायद्यानंच बंद होतं. 1913च्या कायद्यानं जमीन घेणंही बंद. त्याच साली त्याचा पाच वर्षांचा मुलगा घटसर्पानं गेला. निरोगी जागेत राहायला हवं, म्हणून 1915 साली हाराडानं लेमन स्ट्रीटवर घर घेतलं, ते अमेरिकेत जन्मलेल्या तीन मुलांच्या नावावर.

शेजारी खवळले. जास्त पैसे देऊ, घर सोड म्हणाले. तो हलला नाही. राज्यानं खटला भरला. 1918 साली न्यायाधीशांनी सांगितलं, मुलं जन्मानं नागरिक आहेत, घर त्यांचंच.

आपल्याकडं लेकीच्या सासरी बापाची काय गत होते? पाट मिळत नाही, मानपान नाही. तरी ‘या घराचं वाटोळं होवो’ असं त्याच्या तोंडून निघत नाही. आत त्याची लेक नांदतेय. पण तिच्या हक्काला हात लागला, की हाच गरीब बाप चारचौघांत उभा राहून बोलतो. सासरचे म्हणतात, उर्मट आहे!

हाराडाचं तसंच: देश लेकरांचा, तो मात्र परका. तरी तो सोसून गप्प बसला नाही, कोर्टात लढला. मुलांच्या देशाचं कोर्ट न्याय देईल असं मानणं, हेच त्याचं देशप्रेम. पुन्हा सांगतो, कारण हे नेमकं कानाआड होतं: तो भांडला ते प्रेमापोटी. हक्क मागणाऱ्या परक्याला आपण किती चटकन कृतघ्न म्हणतो! म्हणू नका हो असं.

1942 साली जपानशी चाललेल्या युद्धामुळं अमेरिकेनं जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास माणसांना छावण्यांत कोंडलं. त्यांतली बहुतेक जन्मानं अमेरिकनच. हाराडा नवराबायको युटातल्या टोपाझ छावणीत वारली. जपान्यांना नागरिकत्व खुलं झालं 1952 साली. युद्धाच्या काळात अशाच छावण्यांतून पोरं अमेरिकेच्या फौजेत गेली, आईबाप तारांच्या आत. हाराडाची लेक सुमी 1945 साली परतली आणि छावणीतून सुटलेल्या बेघर कुटुंबांना तिनं त्याच घरात ठेवून घेतलं.