ट्रान्झिस्टर आणि तरुण पिढी

फ्रान्समध्ये युद्धोत्तर पिढी वयात येऊ लागली तेव्हा तिच्याकडे प्रथम लक्ष गेले ते बाजाराचे. 'युरोप १' या खासगी नभोवाणी केंद्राने १९५९ साली 'साल्यू ले कोपँ' हा गाण्यांचा कार्यक्रम सुरू केला. १९६२ मध्ये त्याच नावाचे मासिक निघाले. २२ जून १९६३ रोजी पॅरिसच्या नासियों चौकात जॉनी हॅलिडे, सिल्व्ही वार्ताँ यांना ऐकण्यासाठी सुमारे दीड लाख तरुण लोटले. समाजशास्त्रज्ञ एदगार मोरँ यांनी 'ल माँद'मध्ये या लाटेला 'ये-ये' असे नाव दिले. जाणत्यांनी नाके मुरडली. ही पिढी म्हणजे निव्वळ गिऱ्हाईक, असा निवाडा झाला.

मे १९६८ मध्ये याच पिढीतील विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पॅरिसमध्ये अडथळे रचून चाललेल्या झुंजीची वार्ता त्याच 'युरोप १'वरून, त्याच ट्रान्झिस्टरवर लोकांनी ऐकली. पाठोपाठ लक्षावधी कामगारांनी संप पुकारला आणि किमान वेतन ३५ टक्क्यांनी वाढले.

हा विजय गाण्यांचा नव्हे, संघटित श्रमिकांचा होता. परंतु बाजाराने एकत्र आणलेले तरुण कायम बाजाराचेच राहतात, हा समज त्या महिन्याने खोटा ठरवला. तरुणांच्या गाण्यांना हसून त्यांच्यापासून दूर राहणाऱ्या चळवळींनी एवढे ध्यानी घ्यावे.