राहुटीकडून वाड्याकडे

फिरता संसार वेळीच आवरणे, हेही कर्तृत्वच होय.

क्षिप्रातीरीची उज्जैन ही शिंद्यांची राजधानी खरी;
परंतु दौलतराव शिंद्यांचा दरबार पुष्कळ काळ तंबूंतच भरत असे,
आणि छावणी हलली म्हणजे शिपायांबरोबर त्यांचे कबिले, बाजार व कारखानेही चालू लागत.

1809 साली या छावणीसमवेत फिरलेल्या ब्रॉटन नामक इंग्रज अधिकाऱ्याने पत्रांतून तिचे वर्णन केले आहे.

असा संसार सांभाळणे कष्टाचे.
राहुट्या पावसात भिजत.
बैलांना दाणावैरण लागे.
आणि वृद्ध, रुग्ण व लेकुरवाळ्या स्त्रियांनाही मुक्कामामागून मुक्काम गाठावा लागे.

अखेरीस 1810 च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्यानजीक पडलेला तळ तेथेच स्थिरावला;
राजधानी उज्जैनहून तेथे गेली,
कालांतराने राहुट्यांच्या जागी वाडे उभे राहिले,
आणि त्या नगराचे नाव लष्कर असेच राहिले.

आज चाकांवरच्या घरात राहणाऱ्यांपुढेही असेच प्रश्न येतात:
गाडीची डागडुजी, आईवडिलांचे वय, मुलांचे शिक्षण.

म्हणून, श्रोतेहो, पुन्हा सांगतो:
फिरता संसार वेळीच आवरून आपल्या माणसांना स्थैर्य देणे, हेही कर्तृत्वच होय.