सुट्टी, सफर आणि मातृभाषेचा रकाना



जून लागला आणि कॉलेजं उघडली की आवारात एक प्रश्न हमखास ऐकू येतो, 'सुट्टीत कुठे गेला होतास?' हल्ली या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागत नाही. फोटो मोबाईलवर सगळ्यांनी आधीच पाहिलेले असतात. आमच्या वेळी मात्र सांगावं लागायचं. कुठे गेलो, काय पाहिलं, हे कोणालाही सांगता येतं. पण त्या प्रवासाने आपल्याला काय दिलं, हे बऱ्याचदा परत आल्यावर, आपल्या नेहमीच्या बाकावर बसल्यावर कळतं. आज मी माझ्या विद्यार्थिदशेतल्या अशाच एका उन्हाळ्याविषयी बोलणार आहे. प्रवास फार लांबचा नव्हता. सोलापूर, विजापूर, गुलबर्गा, बिदर, लातूर आणि परत बार्शी. दिवस जेमतेम तेरा. साल 1989.

आमचं घर बार्शीचं. अब्बांचं बाजारात शिलाईचं दुकान होतं. मी सोलापुरात बी. ए.ला होतो आणि वसतिगृहात राहायचो. सोलापूरची कॉलेजं तेव्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते 2004 साली. मी कॉलेजात नाव घातलं, तेव्हा प्रवेशअर्जावर 'मातृभाषा' असा एक रकाना होता. खिडकीपलीकडच्या कारकुनाने माझं नाव विचारलं, ऐकलं आणि मला न विचारताच रकान्यात 'उर्दू' असं लिहून टाकलं. मागे लांब रांग होती. मी पावती घेतली आणि बाजूला झालो.

गंमत अशी की मला तेव्हा उर्दू वाचता येत नव्हतं. माझी शाळा नगरपालिकेची, मराठी माध्यमाची. घरात आम्ही जे बोलायचो ती दखनी. अम्मी शेजारच्या काकूंशी मराठीत बोलायची, आमच्याशी दखनीत, आणि रागावली की दोन्हींत. वर्गात एखादा निबंध मी वाचून दाखवला की कोणीतरी म्हणायचं, 'तुझं मराठी छान आहे हं!' बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसायचं. पण हे कौतुक ऐकताना आपण कोणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून आलोय आणि यजमान आपल्या वागण्यावर खूश आहेत, असं वाटायचं. आपल्याच घरात पाहुणा व्हायला कोणाला आवडेल?

तर त्या वर्षी परीक्षा झाली, मे महिन्याच्या सुरुवातीला रमजान ईद झाली आणि मी अब्बांकडे विषय काढला. खाला गुलबर्ग्याला असायची. ती ईदेला नेहमी बोलवायची. अब्बांचा मात्र हंगाम चालू होता. शिंप्याच्या दुकानात मे महिना लग्नसराईचा आणि जून शाळेच्या गणवेशांचा. काजं-बटणं करायला मी हाताशी लागायचो. अब्बा म्हणाले, 'जा. पर पहली जून को दुकान में दिखना.' एवढीच अट. काजं-बटणांचे साठवलेले पैसे आणि एक वही घेऊन मी निघालो.

सोलापूरहून विजापूरला तेव्हा मीटरगेजची गाडी होती. भीमा ओलांडली की स्टेशनांच्या पाट्या बदलतात, फलाटावरची बोली बदलते. पण चहावाला माझं मराठी समजत होता आणि मला त्याचं कानडी अंदाजाने कळत होतं. विजापुरात मी गोलघुमट पाहिला. मुहम्मद आदिलशहाची ही कबर 1656 साली पुरी झाली. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे 44 मीटर आहे आणि आत मधे एकही खांब नाही. वरच्या सज्जात उभं राहून भिंतीशी कुजबुजलं तरी समोरच्या बाजूला ऐकू जातं, आणि हाक मारली तर ती पुन्हा पुन्हा परत येते. सहलीची पोरं तिथे आपापली नावं ओरडत होती. कोणी कानडीत, कोणी मराठीत, कोणी आमच्यासारखं मिश्र बोलीत. घुमट सगळ्यांना सारखंच उत्तर देत होता.

मुलूख मैदान तोफही पाहिली. ती ओतली गेली अहमदनगरला, 1549 साली. पण माझ्या मनात राहिला तो इब्राहिम रोजा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची ही कबर. या सुलतानाने दखनीत 'किताब-ए-नवरस' हा संगीताचा ग्रंथ लिहिला आणि त्यात सरस्वतीची स्तुती केली. त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात, पहिल्या इब्राहिमाने राज्याचे हिशेब फारसीऐवजी इथल्या भाषेत ठेवायला सुरुवात केली होती. हे सगळं मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी फक्त दगडातलं नक्षीकाम बघत बसलो. पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात हे वाचलं तेव्हा ती इमारत डोळ्यांपुढे उभी होती, म्हणून वाचलेलं टिकलं. आधी पाहणं आणि मग वाचणं, हा क्रमही वाईट नाही.

गुलबर्ग्याला खालाच्या घरी मी चार दिवस राहिलो. गुलबर्गा म्हणजे आताचं कलबुर्गी. 2014 साली नाव बदललं, तेव्हाच विजापूरचंही विजयपुरा झालं. ख्वाजा बंदेनवाज यांचा मोठा दर्गा तिथे आहे. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ते गुलबर्ग्याला आले आणि 1422 साली तिथेच वारले. दर्ग्यात सगळ्या जातिधर्मांची माणसं येतात. खालाची मुलं उर्दू शाळेत शिकलेली, त्यांची जबान माझ्याहून साफ. पहिल्याच रात्री मी विचारलं, 'खाला, उशी किधर है?' झालं! मावसभावंडं हसून लोळायला लागली. उशी म्हणजे काय? त्यांच्याकडे तकिया. मग माझ्या बोलण्यातलं एकेक मराठी वेचून काढायचा खेळच सुरू झाला. सोलापुरात माझं मराठी छान होतं, आणि इथे माझी दखनी मराठी होती.

खालू कमी बोलणारे. न्यायालयात कारकुनी करून निवृत्त झालेले. ते तक्क्याला टेकून ऐकत होते. म्हणाले, 'हँसो नक्को. ये तुम्हारा नक्को किधर से आया, मालूम? मराठी का नको है वो.' पोरं गप्प झाली. मग खालूंनी दुसरं उदाहरण दिलं. आपण 'यहीच', 'वहीच', 'मैंच' म्हणतो. त्यातला शेवटचा 'च' हासुद्धा मराठीतलाच. दिल्ली-लखनौची माणसं 'यही' म्हणतात, 'यहीच' म्हणत नाहीत. दख्खनच्या बोलीला हा 'च' शेजारणीने दिलेला आहे.

श्रोतेहो, जो अक्षर मी जन्मापासून दिवसातून शंभर वेळा उच्चारत होतो, ते मला त्या रात्री पहिल्यांदा ऐकू आलं. मी वहीत 'नक्को' आणि 'च' लिहून घेतलं.

तिथून हुमनाबादवरून बसने बिदर. बिदरचा किल्ला प्रसिद्ध आहे, जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर चांदी ठोकून केलेली बिदरी कारागिरीही प्रसिद्ध आहे. ती भांडी काळी करायला किल्ल्यातलीच माती वापरतात. पण मला पाहायचा होता महमूद गावान याचा मदरसा. गावान इराणातल्या गिलानचा. व्यापारी म्हणून आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. त्याने 1472 साली हे विद्यापीठ उभारलं. तीन मजले, मधे चौक, मशीद, ग्रंथालय, व्याख्यानाच्या खोल्या आणि विद्यार्थ्यांची निवासस्थानं. दूरदूरचे विद्वान इथे शिकवायला येत. नऊच वर्षांनी दरबारातल्या लोकांनी बनावट पत्र रचलं आणि सुलतानाने गावानला मृत्युदंड दिला. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथे साठवलेल्या दारूचा स्फोट झाला आणि इमारतीचा मोठा भाग कोसळला. आज एक मिनार आणि भिंतीवरच्या निळ्या-पिवळ्या फरशांचे तुकडे शिल्लक आहेत.

मी विद्यार्थ्यांच्या एका खोलीत बराच वेळ बसलो होतो. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत गारवा होता. खोली आमच्या वसतिगृहातल्या खोलीएवढीच. पाचशे वर्षांपूर्वी इथे राहणारा पोरगा घरी कोणत्या बोलीत बोलत असेल आणि पुस्तकं कोणत्या भाषेत वाचत असेल? त्याचीही घरची बोली एक आणि विद्येची भाषा दुसरी असणार. म्हणजे माझी अडचण काही नवी नव्हती, आणि ती माझ्या एकट्याचीही नव्हती.

बिदरहून उदगीरवरून लातूर, आणि लातूरहून बार्शीपर्यंत आमची बार्शी लाइट रेल्वे. अडीच फुटांच्या रुळांवरून चालणारी ही छोटी गाडी 1897 साली बार्शी आणि कुर्डुवाडीच्या दरम्यान सुरू झाली, 1911 साली लातूरला पोचली. मुरूड, ढोकी, येडशी करत ती इतक्या सावकाश चालायची की शेतातल्या माणसांशी बोलणं व्हायचं. आता ते रूळ राहिले नाहीत. 2007-08च्या सुमारास लातूर ते कुर्डुवाडी मार्गावर ब्रॉडगेज आलं. डब्यात एक म्हातारी गाठोडं सांभाळत बसली होती. तिने मला भाकरी दिली आणि नाव विचारलं. सांगितल्यावर म्हणाली, 'आमच्या गावच्या पिराला दरवर्षी नारळ देतो रं आम्ही. खा.' माझ्या मराठीविषयी तिने काही मत दिलं नाही.

एक जूनला मी दुकानात होतो. खाकी चड्ड्या आणि पांढऱ्या सदऱ्यांचे ढीग पडले होते. काजं करता करता मला त्या वहीची आठवण झाली आणि मी दुकानातलेच शब्द लिहायला लागलो. अस्तर फारसी. गज फारसी. खिसा अरबीतून फारसीवाटे आलेला. कैची तुर्की. काज पोर्तुगीज. सुई आणि दोरा संस्कृतातून आलेले. हे मूळ मला नंतर शब्दकोशात सापडलं. तेव्हा मी फक्त शब्द जमा करत होतो. अब्बांच्या हातात हे सगळे मिळून एक सदरा तयार होत होता, आणि त्यातला कुठला शब्द कोणाचा, असं गिऱ्हाइकाने कधी विचारलं नव्हतं.

कॉलेज उघडलं. कोणी मुंबईला काकाकडे राहून आला होता, कोणी मुंज आणि दोन लग्नं उरकून आला होता. आमच्यातला एकजण सुट्टीभर रोजगार हमीच्या कामावर होता. तो काही सांगत नव्हता, त्याचे हात सांगत होते. दुसऱ्या वर्षाचा प्रवेशअर्ज आला. पुन्हा तोच रकाना. या वेळी पेन माझ्या हातात होतं. अर्ज हा शब्द अरबी, दाखला अरबी, तारीख अरबी, कागद आणि शाई फारसी. आणि हे सगळे शब्द त्या खिडकीत रोज मराठी म्हणून वापरले जात होते. मी 'मराठी' लिहिलं. कारकुनाने अर्ज पाहिला, माझ्याकडे पाहिलं, शिक्का मारला.

मनात मात्र धाकधूक होती. घरची बोली आपण खोडली का? शनिवारी बार्शीला गेलो तेव्हा अम्मीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, 'तो क्या हुआ? वो भी अपनीच है.' त्या 'अपनीच'मधला 'च' मला स्वच्छ ऐकू आला.

त्या जुलैत आमच्या वाङ्मय मंडळाच्या भित्तिपत्रकावर माझी पहिली कविता लागली. विषय होता अब्बांचं दुकान. सरांनी ती वाचली आणि म्हणाले, 'श्रीगोंद्याचे शेख महंमद वाचलेस का?' मग मी 'योगसंग्राम' शोधून काढला. सतराव्या शतकातला हा संतकवी मुसलमान होता आणि मराठीत ओव्या रचत होता. शाहीर अमर शेख तर आमच्या बार्शीचेच. पुढच्या वर्षी, 1990 साली, सोलापुरातच पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. मी मागच्या रांगेत बसलो होतो. चहापानाला उभे असलेले कवी एकमेकांशी दखनीत बोलत होते आणि मंचावर जाऊन मराठीत कविता वाचत होते. कोणीही कोणाला 'तुमचं मराठी छान आहे' असं म्हटलं नाही. कवितेवर मात्र कडाक्याचे वाद झाले, आणि ते ऐकताना मला घरी आल्यासारखं वाटलं.

आता माझी पन्नाशी उलटून गेली आहे. 'तुमचं मराठी छान आहे' हे वाक्य अजूनही कधी कधी कानावर येतं. मी हसून 'तुमचंही छान आहे' असं म्हणतो. समोरचा माणूस क्षणभर गोंधळतो आणि मग तोही हसतो.

प्रवेशअर्ज आता संगणकावर भरतात. रकाने तेच असतात, पर्याय आधीच लिहिलेले असतात आणि त्यातला एकच निवडता येतो. आपल्याकडे वडारी, कैकाडी, गोंडी, अहिराणी, बंजारा बोलणारी कितीतरी मुलं कॉलेजात येतात. त्यांच्या घरची बोली आणि वर्गातली भाषा यांच्यात रोजचा प्रवास असतोच; त्याला गाडीचं तिकीट लागत नाही. शिक्षकांना माझी एक विनंती आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला 'कुठे गेला होतात?' असं विचाराच, पण त्यापुढे 'तिथला एखादा शब्द सांगा' असंही विचारा. जी मुलं कुठेच गेली नव्हती, त्यांना घरातला एक शब्द विचारा. फळ्यावर ते शब्द लिहा आणि ते कुठून आले असतील हे मुलांनाच शोधू द्या. आणि नाव ऐकून कोणाचाही रकाना परस्पर भरू नका. पेन त्या मुलाच्या हातात द्या, थोडा वेळ लागला तरी चालेल. मागची रांग थांबेल.