वाढीव क्रेडिट आणि पंचगंगेची पातळी

कॉलेजं सुरू झाली की कॉम्प्युटर शिकणारी मुलं हमखास विचारतात, "सर, एक्स्ट्रा क्रेडिट कशानं मिळेल?" प्रश्न रास्त आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८च्या नमुना अभ्यासक्रमात अभियांत्रिकीची पदवी १६० क्रेडिटची आहे. त्यावर आणखी २० मिळवली तर ऑनर्स किंवा मायनरची वाट खुली होते, आणि ती ऑनलाइन अभ्यासक्रमांतूनही मिळवता येतात. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद यांचा पायथनचा अभ्यासक्रम आहे, आयआयटी खरगपूरचा, अनुपम बसू यांनी शिकवलेला सी भाषेचा आहे. गारगोटी किंवा गडहिंग्लजसारख्या गावातल्या मुलीला आता त्यासाठी घर सोडावं लागत नाही. साधारणपणे आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला दोन क्रेडिट, बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला तीन. तुमचं कॉलेज ती कशी धरतं, हे मात्र नाव नोंदवण्याआधी विचारून घ्या.

माझी काळजी वेगळी आहे. जर्नल उतरवून काढायची आपल्याकडची सवय इथंही येते. एकानं असाइनमेंट सोडवायची, बाकीच्यांनी ती ग्रुपवरून घ्यायची. आता तर प्रोग्राम लिहून देणारी यंत्रंही हाताशी आहेत. आउटपुट बरोबर येतं, पण का बरोबर आलं ते सांगता येत नाही. अशी वीस क्रेडिट मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला उघडी पडतात.

म्हणून मी वाढीव क्रेडिटसाठी एक काम सुचवतो. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगा नदीची पातळी आपण पावसाळ्यात रोज ऐकतो. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. कालचा आणि आजचा आकडा दिला की 'सुरक्षित', 'इशारा' की 'धोका', आणि पाणी चढलं की उतरलं, हे सांगणारा प्रोग्राम लिहा. पाच ओळींचं काम, असं वाटतं. मुलं दहा मिनिटांत रन करून दाखवतात.

मग तपासणी सुरू होते. काल ३८ फूट ९ इंच होतं, आज ३८ फूट १० इंच झालं. विद्यार्थ्यानं हे ३८.९ आणि ३८.१० असं टाइप केलेलं असतं. संगणकाला ३८.१० म्हणजे ३८.१. पाणी इंचभर चढलंय आणि प्रोग्राम सांगतो, उतरलं! बरोबर ४३ फुटांना काय? अट '४३पेक्षा जास्त' अशी लिहिली असेल, तर नदी धोका पातळीवर असताना प्रोग्राम 'इशारा' म्हणून थांबतो. आणि एखाद्या वेळची नोंद आलीच नाही तर? रिकामी जागा प्रोग्रामनं शून्य धरली, तर उत्तर येतं, 'सुरक्षित'. नदीकाठच्या चिखलीत, आंबेवाडीत २०१९चा महापूर पाहिलेल्या माणसाला ही चूक किती मोठी आहे, ते समजावून सांगावं लागत नाही.

उपाय अवघड नाही. सगळं इंचांत करा: ३९ फूट म्हणजे ४६८ इंच, ४३ फूट म्हणजे ५१६. नोंद नसेल तर 'नोंद नाही' असंच छापा. पण हे स्वतःला सुचायला एक संध्याकाळ त्या चुकीपाशी बसावं लागतं, आणि माझ्या मते क्रेडिट त्या संध्याकाळचं असतं. ऑनलाइन अभ्यासक्रमांतही काही चाचण्या विद्यार्थ्यापासून लपवून ठेवतात, त्या याचसाठी.

इंग्रजीमुळे अडणाऱ्यांनी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतून ऐकावेत. छोटे आहेत, ऐकता ऐकता सोबत टाइप करत जायचं असतं.

आणि शिक्षक मित्रांना एक विनंती. प्रमाणपत्राची झेरॉक्स फायलीला लावून क्रेडिट देऊ नका. विद्यार्थ्याला दहा मिनिटं समोर बसवा. त्याच्याच प्रोग्राममधली एक अट बदलायला सांगा. उद्यापासून पातळी मीटरमध्ये येणार आहे, असं म्हणा. कुठल्या ओळीला हात लावायचा हे ज्याला चटकन सापडेल, त्याला पूर्ण क्रेडिट द्या. ज्याला सापडणार नाही, त्याला आठवडाभरानं पुन्हा बोलवा.