रात्रीचं दुखणं दिवसाच सुरू झालेलं असतं

(आंबिवलीतील महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. मोहने-आंबिवलीच्या चाळींतून वीसेक वर्षं फिरते आहे, एवढाच माझा बोलायचा अधिकार.

आमच्या शेजारच्या मावशींना साखर आणि रक्तदाब, दोन्ही. कल्याणला चार घरची पोळीभाजी करतात. एका रात्री दोन वाजता त्यांची शुद्ध हरपायला लागली. रिक्षा मिळेपर्यंत अर्धा तास गेला. पहिल्या दवाखान्याने पुढे पाठवलं. साखर पाचशेच्या वर! डॉक्टर रागावले, "गोळ्या का सोडल्या? इतके दिवस झोपला होतात का?" मावशी वाचल्या. पण त्या प्रश्नाचं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही, म्हणून मी देते.

गोळ्यांचा दवाखाना सकाळचा. त्या वेळी मावशी लोकलमध्ये. गोळ्या मिळतात दहा दिवसांच्या, म्हणजे महिन्याला तीन खाडे आणि तीन दिवसांचा पगार कापलेला. जूनमध्ये नातवाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च आला. पैसा कमी पडला की घरात पहिली गोळी कुणाची बंद होते? नवऱ्याची नाही, बायांनो, आपली! आणखी एक. कामाच्या घरी संडास वापरू देत नाहीत, म्हणून मावशी दिवसभर पाणीच कमी पीत. वाढलेली साखर लघवीवाटे अंगातलं पाणी ओढून नेते. वरून पाणी तोडलं तर काय होणार?

१९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी बाळंतपणात बायका का दगावतात याची तीन उशिरांत मांडणी केली. दवाखान्यात जायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. मावशींच्या रात्रीत हे तिन्ही होते. सून म्हणाली, "हे उठल्यावर विचारू." मग रिक्षा. मग पुढची चिठ्ठी. पण जुनाट आजारात या तिन्हींच्या आधी एक चौथा उशीर असतो, तो महिनोन् महिने चालतो. तो कुठल्याच केसपेपरवर लिहिला जात नाही.

आपल्या भागाला हे नवं नाही. मोहन्याची एन.आर.सी. २००९ साली बंद पडली. कारखाना बंद होतो तेव्हा नुसता पगार थांबत नाही. १९४८ च्या कायद्याने आलेला ई.एस.आय.चा दवाखाना ज्या कामगारांना मिळतो, त्यांची वर्गणी थांबली की काही काळाने सगळ्या कुटुंबाचा दवाखाना सुटतो. मग घर चालवायला बाई धुण्याभांड्याला बाहेर पडते, आणि त्या कामाला ई.एस.आय. नाही. घरेलू कामगारांसाठी २००८ साली राज्यात कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण आजारपणाची पगारी रजा आपल्यापैकी कितीजणींना मिळते? हात वर करा बघू!

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. चांगलं झालं. पण केसपेपर फुकट झाला तरी खाडा फुकट होत नाही.

म्हणून मागायचं ते नेमकं मागू या. साखर-रक्तदाबाच्या गोळ्या एका वेळी महिनाभराच्या द्या. दवाखाना आठवड्यातून दोन दिवस तरी संध्याकाळी उघडा ठेवा. कामाच्या घरी संडास वापरायला मिळाला पाहिजे आणि तपासणीसाठी महिन्याला एक पगारी सुट्टी. आणि आपल्या घरात? रोज रात्री ताटं वाढताना एकमेकींना विचारायचं, "गोळी घेतलीस का?"

मावशी आज इथे बसल्या आहेत. येताना त्यांनी मला बजावलं, "माझं नाव घेऊ नकोस, पण सांग मात्र सगळं." सांगितलं, मावशी. आता पुढच्या सोमवारी आपण सगळ्याजणी मिळून अर्ज द्यायला जाऊ. त्या दिवशीचा खाडा मात्र सगळ्याजणी एकदम करू!