भिंतीचाही दम कोंडतो
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही इतिहासाचा अभ्यासक नव्हे. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य शासनाच्या नोकरीत उपयंत्री म्हणून लागलो आणि वीस वर्षे भिंती, नाल्या, रस्ते यांची मापे घेत आलो. त्यामुळे आज बोलणार आहे तेही भिंतींबद्दलच.

आपण भैरवगडची माणसे. पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की त्याला काळभैरवाला नेतो, देवाला मद्याचा नैवेद्य कसा दाखवतात ते दाखवतो आणि घरी आणतो. पण देवाच्या डोक्यावरची पगडी त्याला दाखवतो का? १७६१ च्या पानिपतानंतर महादजी शिंद्यांनी आपली पगडी भैरवाला वाहिली, अशी परंपरा सांगतात. देवळाच्या भिंतींवर एके काळी माळवी चित्रे होती. आज त्यांच्या खुणाच उरल्या आहेत.

आता गावात चला. १२३५ च्या सुमारास इल्तुतमिशाने महाकालाचे देऊळ पाडले. ते आजच्या रूपात उभे राहिले अठराव्या शतकात, राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांच्या हातून. हरसिद्धीपुढच्या दोन दीपमाळा पाहिल्या की जेजुरीची आठवण येते, कारण ती मराठी पद्धतच आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी उज्जैन सुटले नाही. त्यांच्या पत्नी बायजाबाईंनी भर बाजारात गोपाळ मंदिर बांधले. सवाई जयसिंगाची वेधशाळा मोडकळीला आली होती, ती १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली. आपल्या शेजारचा कालियादेह महाल मूळचा माळव्याच्या सुलतानांचा. त्याचीही डागडुजी माधवरावांनीच केली. म्हणजे आपल्या माणसांनी फक्त स्वतःचे बांधले नाही, दुसऱ्याचे बांधलेलेही जपले. मला या गोष्टीचा जास्त अभिमान वाटतो.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका जुन्या धर्मशाळेच्या डागडुजीचे काम माझ्याकडे आले. दरजांमधला चुना भुसभुशीत झाला होता. मी तो खरवडून काढला आणि सिमेंट भरायला सांगितले. कामावर एक म्हातारा मिस्त्री होता. तो म्हणाला, "साहब, चूने की दीवार में सीमेंट मत भरो, इसका दम घुट जाएगा." मी हसलो. डिप्लोमा ताजा होता ना! काम सुरेख दिसले, वरिष्ठांनी पाठ थोपटली. तीन पावसाळे गेले आणि विटांचे पापुद्रे सुटून पडू लागले.

मिस्त्रीचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. जुनी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्याच्या दरजांतून ती हवेत सोडते. सिमेंटने दरजा बंद केल्या की ओल विटेतून किंवा दगडातून वाट काढते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, आणि तेच क्षार आतून विटेचा चेहरा फोडतात. दगडावर ऑइल पेंट फासले, गाभाऱ्यात चकचकीत टाइल्स लावल्या, तरी हाच प्रकार होतो. आपण भक्तीने करतो आणि देऊळ आतून झिजते. म्हणून जुन्या बांधकामाला चुना, वाळू आणि विटांची सुरखीच लागते. काम थोडे महाग पडते, वेळ लागतो, पण टिकते.

२०२८ चा सिंहस्थ जवळ येत आहे. रस्ते रुंद होतील, घाट वाढतील. एवढे लोक येणार, म्हणजे ते व्हायलाच हवे. मी स्वतः त्याच कामात आहे. पण या गडबडीत आपलेच जुने वाडे, पडव्या, लाकडी खांब निमूटपणे जातील. पाडणारे सरकारच असते असे नाही. पुष्कळदा आपणच वाटणीसाठी वाडा विकतो आणि ट्रंकेतले मोडीचे कागद रद्दीत घालतो.

माझी एवढीच विनंती आहे. वाडा दुरुस्त करणार असाल तर सिमेंटचे पोते उघडण्याआधी चुन्याचे काम जाणणाऱ्या मिस्त्रीला विचारा. पाडणारच असाल तर आधी फोटो काढा, मापे घ्या. मापांना मी येईन, चहावर. मोडीचे कागद मंडळाकडे आणून दाखवा. आणि विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी या बाळगोपाळांना घेऊन काळभैरव ते कालियादेह असे पायी फिरू या. शाळेच्या परीक्षेत हे येणार नाही, म्हणून तर आपणच सांगायला हवे.

तो मिस्त्री आज हयात नाही. त्याची माफी मागायची राहून गेली, ती आज बाप्पासमोर मागतो.

गणपती बाप्पा मोरया!